सूनबाईंचे 452

असोद्यात ‘किती पडले?’ हा प्रश्न पूर्वी हंगामाप्रमाणे बदलत असे. जुलैत विचारला तर पाऊस, निवडणुकीनंतर विचारला तर मतं, दहावीच्या निकालाला विचारला तर टक्के. आता बारा महिने एकाच गोष्टीबद्दल विचारतात आणि उत्तर तीन आकडी येतं. 411. 438. 390. वरचा आकडा सांगणारा मान ताठ ठेवून चहा पितो, खालचा आकडा सांगणारा ‘अजून फ्रेंच बाकी आहे’ असं पुटपुटतो. पारावरच्या ज्या म्हाताऱ्यांनी कॅनडा नकाशावरसुद्धा पाहिलेला नाही, त्यांना मागच्या फेरीचा कटऑफ पाठ असतो. कापसाचा भाव आणि कॅनडाचा कटऑफ, दोन्ही आपल्या हातात नाहीत, त्यामुळे दोन्हींवर सारख्याच अधिकाराने बोलता येतं.

असोदा म्हणजे जळगावला खेटून असलेलं गाव. बाहेरच्यांना ते दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली त्या इथे जन्मल्या. दुसरं म्हणजे भरिताची वांगी. हिरवट, लांबोडकी, कमी बियांची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांग्याची ओळख अशी कायमची पक्की झाल्यावर माणसांनी आपापल्या गुणांकनाकडे लक्ष वळवलं असावं.

मी पतपेढीत कारकून होतो, त्यामुळे बेरीज मला येते असा गावाचा समज आहे. शेजारच्या आबांच्या घरचे गुण मोजायचं काम त्यामुळेच माझ्याकडे आलं. आबा म्हणजे जुने माळकरी, सात एकर केळी-कपाशी, शब्दाला पक्के. मुलगा मेकॅनिकलचा बी.ई., वय 36, एमआयडीसीत सुपरवायझर. सून सावद्याकडची, एम.एस्सी. रसायन, वय 31, जळगावातच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं नोकरी. चार वर्षांचा नातू. कॅनडाला जायचं हे ठरलं होतं, किती गुणांनी जायचं एवढंच ठरायचं होतं.

गंमत अशी की कॅनडात शिरायला एक नाही, दोन परीक्षा असतात. पहिली 100 गुणांची, तिच्यात 67 मिळाले की तुम्ही रांगेत उभे राहायला पात्र. मग रांगेत तुमचा नंबर ठरवायला दुसरी, ती 1200 गुणांची. 2015 च्या जानेवारीत ही ‘एक्सप्रेस एंट्री’ सुरू झाली. नावात एक्सप्रेस आहे, पण ती भुसावळला थांबून राहते तशी थांबूही शकते. या 1200 पैकी 600 वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे. उरलेल्या 600 मध्ये किरकोळ भर असते, किंवा एखाद्या प्रांताने ‘हा माणूस आम्हाला द्या’ असं म्हटलं तर एका फटक्यात पुरते 600. म्हणजे जन्मभर शिकून, राबून, तरुण राहून जेवढं मिळवायचं, तेवढंच एका प्रांताच्या पत्रात मिळतं. हे ऐकल्यावर पारावर कुणीतरी लगेच विचारलं, ‘तिकडचा आमदार कोन आहे?’

सगळ्यात जास्त बोलाचाली झाली ती वयावर. 20 ते 29 वर्षांच्या माणसाला वयाचे पूर्ण गुण. तिशी लागली की दर वाढदिवसाला पाच-सहा गुण कापले जातात, चाळिशीनंतर दहा-अकरा, आणि 45 ला भोपळा. आमच्याकडे माणसाला किंमत येते ती साधारण 45 नंतर. तोवर त्याला पंचायतीत बोलू देत नाहीत, लग्नाच्या याद्या करायला बसवत नाहीत. केस पिकले की मग खुर्ची पुढे सरकवतात. जळगावच्या रस्त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा: ‘भाऊंना उदंड आयुष्य लाभो’, खाली 40 पासपोर्ट साइज फोटो. आता आमच्या गल्लीतल्या अर्जदार पोरांनी मित्रांना दम दिला आहे की फ्लेक्स लावायचा नाही. शुभेच्छा देणाऱ्याने पाच गुण कमी झाल्याची आठवण करून दिल्यासारखं होतं.

पहिली बेरीज अर्थातच मुलाच्या नावाने मांडली. घरचा कर्ता तोच. वय 36, सपत्नीक, 65 गुण. पदवी, 112. इंग्रजीच्या परीक्षेत तो ज्या पातळीला बसत होता त्याचे 88. शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडगुणांचे 38. बायकोच्या शिक्षणाचे 10 आणि तिच्या इंग्रजीचे 20. एकूण 333.

आबांनी विचारलं, ‘आन् लागता किती?’

‘सर्वसाधारण फेरीला पाचशेच्या वर जातंय, आबा.’

आबा काही बोलले नाहीत. मग सूनबाई आतून म्हणाल्या, ‘काका, एकदा माझ्या नावाने मांडून बघा ना.’ 

मांडलं. वय 31, 90 गुण. एम.एस्सी., 126. इंग्रजी तिचं एक पायरी वर होतं, त्या एका पायरीला कॅनडा फार मोठी पायरी समजतो; 116. जोडगुण पुरते 100. नवऱ्याच्या पदवीचे 8, नवऱ्याच्या इंग्रजीचे 12. मी दोनदा ताळा केला. 452.

तीच माणसं, तेच लग्न, तेच पोर, तोच संसार. फक्त अर्जावरचं पहिलं नाव बदललं की 119 गुणांचा फरक. कॅनडाच्या अर्जात एक असतो प्रमुख अर्जदार आणि दुसरा असतो ‘सोबत येणारा जोडीदार’. आमच्या भागात बायकोच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव नाही म्हणून पोलीस स्टेशनपर्यंत गेलेली माणसं आहेत. आबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला आणि म्हणाले, ‘म्हनजे सून धनी आन् आपला पोऱ्या गडी?’

‘गडी नाही आबा, सोबत येणारा.’

‘गडीबी सोबतच येतो.’

खरा घोटाळा पुढे झाला. सूनबाईंचा भाऊ पुण्यात असतो, त्याने फोनवर सांगितलं की नवऱ्याला सोबत न नेता एकटीच्या नावाने मोजा, कोष्टक वेगळं असतं. मी मोजलं. एकटीचं वय 99, शिक्षण 135, इंग्रजी 124, जोडगुण 100. एकूण 458. नवऱ्याला सोबत नेलं तर 452, घरी ठेवला तर 458. म्हणजे कॅनडाच्या हिशेबाने आबांच्या चिरंजीवांची किंमत वजा सहा होती.

इतकी वर्षं बी.ई. झालेला, नोकरीला लागलेला, गावात चार लोक नमस्कार करतात असा माणूस संध्याकाळच्या चहाला वजा सहा झाला. हे फक्त घरात राहिलं असतं तर ठीक होतं. पण आबांच्या ओट्यावर बोललेलं रात्री नऊच्या आत पारावर पोचतं. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी त्याला ‘काय रे, मायनस’ अशी हाक मारली आणि तिथून त्याचा अभ्यास सुरू झाला. कारण त्यावर एक उतारा होता. त्याने इंग्रजी एक पायरी वर नेलं, चारही विषयांत, तर जोडीदार म्हणून त्याचे 12 चे 20 होणार होते. मग बेरीज 460. घरी ठेवण्यापेक्षा दोन गुण जास्त. वजा सहावरून अधिक दोनवर यायला माणूस काय करणार नाही?

आयईएल्टीएस या परीक्षेचे चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. त्याला वाचणं-लिहिणं-बोलणं सातच्या घरात आणि ऐकणं आठच्या घरात हवं होतं. ऐकण्याला एक घर जास्त का, हे कॅनडालाच ठाऊक. आमच्याकडच्या नवऱ्यांची कमजोरी त्यांना आधीच कळलेली असावी.

बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटं बोलायला. सरावाला कार्ड आलं: तुम्हाला करता येणाऱ्या एका पदार्थाविषयी सांगा. हा खुलला. भरितावर बोलायला असोद्याचा माणूस कोणत्याही भाषेत तयार असतो. वांगं हातात घेऊन तोलायचं कसं, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी. देठ हिरवागार आहे ना ते बघायचं. आणि भाजायचं ते गॅसवर अजिबात नाही, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. तेवढ्यात दोन मिनिटं संपली. अजून काडीही पेटली नव्हती. बडगीत ठेचणं, पातीचा कांदा, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून तेलाची धार, सोबत कळण्याची पुरी, हे सगळं परीक्षेच्या बाहेर राहिलं. सूनबाईंनी घड्याळ खाली ठेवून सांगितलं, ‘तुम्ही सरळ आमलेट सांगा.’ माळकऱ्याच्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं आणि आबा फक्त खाकरले, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात यावं.

कागदपत्रांचा अध्याय वेगळाच. कॅनडा तुमच्या पदवीवर विश्वास ठेवत नाही. ती पदवी तिकडच्या पदवीएवढी आहे असं तिसऱ्याच संस्थेकडून लिहून आणावं लागतं, आणि त्या संस्थेला गुणपत्रकांचा उतारा विद्यापीठाकडून जावा लागतो. आता नावं बघा. मुलगा 2011 च्या सुमारास पास झाला तेव्हा पदवीवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. 2018 साली विद्यापीठाचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. जुन्या पदवीवर जुनं नाव, नव्या उताऱ्यावर नवं. त्यात सूनबाईंचं पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आबांच्या घराण्याचा तर प्रश्नच नको: शाळेच्या दाखल्यावर पाटील, जमिनीच्या कागदावर चौधरी, आणि इंग्रजी स्पेलिंग ज्या मास्तरांनी जसं लिहिलं तसं. ‘चौधरी’चं शेवटचं अक्षर आय की वाय यावर आमच्या भागात सख्ख्या भावांची वेगवेगळी मतं आहेत. हे सगळे एकच, असं प्रतिज्ञापत्र करताना वकिलाने आबांना विचारलं, ‘तुम्ही नक्की कोण?’

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो. ज्या विद्यापीठाच्या कागदाला कॅनडा 126 गुण देतो, त्या कागदाच्या माथ्यावर जिचं नाव आहे ती बाई आमच्याच गावची, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या मुलांनी, मुख्यतः सोपानदेवांनी, तिची गाणी उतरवून घेतली. आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि 1952 साली, तिच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं. बहिणाबाईंचा अर्ज मी एकदा सहज मांडून पाहिला. शिक्षण: शून्य. इंग्रजी: शून्य. फ्रेंच: शून्य. अनुभव: शेतात आणि जात्यावर, पण मालकाचं पत्र नाही, म्हणून शून्य. भाऊ: गावातच, म्हणून शून्य. 45 लागेपर्यंत वयाचे गुण मिळाले असते, तेवढेच. आणि तेही 29 पर्यंतच पूर्ण.

मालकाच्या पत्राचा मुद्दा आबांनाही झोंबला. झालं असं, की पारावर कुणीतरी बातमी आणली, कॅनडाला शेतकरी पाहिजेत. कॅनडाने 2023 साली प्रवर्ग काढले होते: डॉक्टर-नर्स, सुतार-प्लंबर, फ्रेंच येणारे, आणि शेती. प्रवर्ग हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आबा उठून बसले. 40 वर्षांचा अनुभव होता. मी यादी काढून वाचली. शेतीच्या प्रवर्गात तेव्हा तीनच धंदे होते: शेतावरचे मुकादम आणि ठेकेदार, बागा-हिरवळीचे ठेकेदार, आणि खाटीक.

‘शेतीत खाटीक?’ आबांनी तुळशीच्या माळेला हात लावला. ‘काब्र?’

मी म्हटलं, त्यांची शेती जरा वेगळी असते.

बरं, आबा मुकादम म्हणून बसले असते असं समजा. तरी पत्र हवं: लेटरहेडवर, कामाचे तास, पगार, जबाबदाऱ्या, वरिष्ठाची सही. आबांचे वरिष्ठ कोण? पाऊस. सातबारा दाखवला असता तर त्यावर पीक दिसतं, माणूस दिसत नाही. आणि वय 68, म्हणजे तिथेही भोपळा. ‘जाऊ दे,’ आबा म्हणाले, ‘माले कोठी जायाचं आहे.’ पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर शेतात गेले.

भावाचे 15 गुण हा आणखी एक गैरसमजाचा साठा. तुमचा किंवा जोडीदाराचा भाऊ-बहीण कॅनडात कायमचा राहत असेल, अठराच्या वर असेल, तर 15 गुण. ही बातमी असोद्यात आली आणि गावाला वाटलं, जिंकलो. कारण असोद्यात भाऊ नाही असा माणूस नाही. टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला एकाचा मुलगा आहे, तो अर्ध्या गावाचा भाऊ लागतो: कुणाचा चुलत, कुणाचा मावस, कुणाचा आतेभाऊ, उरलेल्यांचा भाऊकीतला. कॅनडाला सख्खा पाहिजे, सावत्रही चालतो, चुलत चालत नाही. सावत्र चालतो आणि चुलत चालत नाही, हे ऐकून म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावला. आमच्याकडे व्यवहार नेमका उलटा आहे.

हे सगळं वाचून वाटेल, मी या गुणांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. पतपेढीत 30 वर्षं काढलेल्या माणसाला आकड्याची भीती नसते, आकड्यामागून येणाऱ्या फोनची असते. गुण नव्हते तेव्हाचं बघा. 1951 साली भारत आणि कॅनडात करार झाला तेव्हा साऱ्या भारतासाठी वर्षाला 150 माणसांचा कोटा ठरला. 1957 ला तो 300 केला. 150! असोद्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला त्याहून जास्त पानं मांडलेली असतात. 1914 साली कोमागाता मारू हे जहाज व्हँकुव्हरला जाऊन नांगर टाकून बसलं, त्यावरच्या बहुतेकांना किनाऱ्याला पाय लावू न देता परत पाठवलं. तिथे कुणी कुणाचं शिक्षण विचारलं नव्हतं. 1962 मध्ये वंशाची अट गेली आणि 1967 मध्ये गुण आले, जगात पहिल्यांदा. 100 पैकी 50 मिळाले की पास; आपल्याकडे पत्रिकेत 36 पैकी 18 जुळले की लग्न लागतं, तेच निम्म्याचं गणित. आणि त्या जुन्या कोष्टकात 15 गुण चक्क अधिकाऱ्याच्या हातात होते: समोर बसवायचं, बोलायचं, माणूस जुळवून घेणारा आहे का, हुरूप आहे का, ते पाहायचं आणि गुण द्यायचे. ते 15 गुण आता नाहीत. संगणकाला बघण्याचा कार्यक्रम करता येत नाही. त्यामुळे अन्याय संपला असं कुणी म्हणणार नाही, पण निदान कुणाकडे पेढ्यांचा पुडा घेऊन जायचं हे कळेनासं झालं. आमच्या तालुक्याच्या दृष्टीने ही क्रांतीच आहे. अमेरिकेत गेलेल्या पोरांची अवस्था बघा: तिकडे ग्रीन कार्डाला प्रत्येक देशाची सात टक्क्यांची मर्यादा, आणि आपला देश मोठा. गुण कितीही असोत, रांगेत मागे उभा असलेल्याचे केस रांगेतच पिकतात.

ऑस्ट्रेलियाचं कोष्टक वेगळं, आणि मला विचाराल तर विनोदी दृष्टीने जास्त सरस. आमच्या मागच्या गल्लीतला एक पोरगा त्या बाजूला लागला आहे. वय 28, संगणकातला. 25 ते 32 ला तिकडे 30 गुण. इंग्रजी उत्तम, 20. पदवी, 15. अनुभवाचे 5. आणि अविवाहित असल्याचे 10. लग्न न झाल्याबद्दल बक्षीस देणारं सरकार त्याच्या आईने पहिल्यांदाच पाहिलं. तिने गेली दोन वर्षं 11 स्थळं पाहून ठेवली होती. आता मुलगा सांगतो, आई, लग्न केलं तर 10 जातील. बायको शिकलेली, इंग्रजी येणारी आणि त्यांच्या यादीतला धंदा करणारी असेल तरच ते परत मिळतात, नुसतं बरं इंग्रजी असेल तर 5. आईने स्थळांच्या वहीत एक नवा रकाना आखला आहे. पत्रिका, उंची, आणि तिसऱ्यात ‘10 की 5’.

शिवाय मराठीचे 5 गुण. होय, मराठीचे. ऑस्ट्रेलियात वसलेल्या समाजांच्या भाषा येणाऱ्यांना 5 गुण देतात, आणि त्या यादीत मराठी आहे. दोन संवाद ऐकवतात, एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, तुम्ही मधे बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे करायचं. 90 पैकी 63 ला पास. महाराष्ट्रात ज्या भाषेचा नोकरीला उपयोग नाही म्हणून पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, तिचे सिडनीला 5 गुण मिळतात. फक्त ती मराठी पुण्याकडची. आमचा पोरगा ‘माले’, ‘तुले’, ‘कोठी’वाला. तो आता निवृत्त झालेल्या मराठीच्या सरांकडे संध्याकाळी ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’ घोकतो. सिडनीच्या दवाखान्यात उद्या एखादी आमच्याकडची आजी ‘पोटात दुखी रायलं वं माय’ म्हणाली, तर पुरे गुण मिळवलेला दुभाष्या डॉक्टरला काय सांगेल, याची मला काळजी वाटते.

आणि शेवटचे 15 सगळ्यात मजेदार. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून ‘प्रादेशिक’ भागात राहायला तयार असाल, तिथल्या राज्याने बोलावलं, तर 15 गुण. म्हणजे असोद्यातून जळगाव, जळगावातून पुणे, पुण्यातून सिडनी असं जो माणूस जन्मभर खेड्यापासून पळतो, त्याला शेवटी सांगतात, खेड्यात राहशील तर ये. त्याचा बाप म्हणाला, ‘मंग हा 15 गुणांचा मानूस मी इथं फुकट बसलो आहे की.’

परत आबांच्या घरी. अर्ज कधी भरायचा यावर आबांनी सांगितलं, आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, खानदेशात त्याहून मोठा सण नाही. पण कॅनडाचा नियम असा, की शेवटच्या आकड्यावर बरेच जण सारख्या गुणांचे निघाले तर ज्याने अर्ज आधी भरला तो आत. तारीख आणि वेळ, मिनिटापर्यंत. सूनबाईंनी आखाजीची वाट न पाहता आदल्या आठवड्यात रात्री पोर झोपल्यावर 452 चा अर्ज भरून टाकला. आबांना सांगितलं ते आखाजीच्या दिवशी, पुरणपोळी वाढताना. या घरात प्रमुख अर्जदार कोण आहे, हे त्या दिवशी मला कागदाबाहेरही दिसलं.

पारावर मात्र वेगळंच गणित चालू होतं. ‘75 ला घेतलं होतं कॅनडाने! 75 ला!’ असं एकजण दर आठवड्याला सांगतो. खरं आहे. 13 फेब्रुवारी 2021 ला कटऑफ 75 वर आला आणि 27,332 जणांना बोलावलं. ती फेरी आधीच कॅनडात काम केलेल्यांची होती, एवढी एक ओळ तो सोडून देतो. दुसरा सांगतो, ‘फ्रेंच कर, 336 ला घेतलं.’ हेही खरं: 29 फेब्रुवारी 2024, फ्रेंचची फेरी. तेव्हापासून आमच्या गल्लीतली दोन पोरं मोबाइल कानाला लावून नाकातून बोलत फिरतात. मोसंबीला पाणी देताना एकाने गड्याला ‘मेर्सी’ म्हटलं, गडी दोन दिवस कामावर आला नाही.

मग पैसे. तिघांच्या कुटुंबाला 23,360 कॅनेडियन डॉलर खात्यात दाखवायचे होते, चौदा-पंधरा लाख रुपये, तेही उसने नकोत. आबा म्हणाले, सात एकर आहे, लिहा. मी सांगितलं, जमीन धरत नाहीत. घर? धरत नाहीत. सूनबाईंनी विचारलं, नवऱ्याला इथेच ठेवला तर दोघांचेच दाखवायचे ना? नाही. सोबत नेला नाही तरी कुटुंबात तो मोजतातच. कॅनडाच्या हिशेबात नवरा गुणांतून वगळता येतो, खर्चातून वगळता येत नाही. शेवटी आबांनी केळीचे पैसे दिले आणि स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की ही रक्कम मी सुनेला स्वखुशीने भेट देत आहे, परत मागणार नाही. सही करताना म्हणाले, ‘लग्नात तिच्या बापाकून मी एक रुपया घेतला नाही. आते समजलं, उलटं द्यायचं असतं.’

मुलाचा निकाल सोमवारी आला. वाचणं 7, लिहिणं 7, बोलणं 7. आमलेटने काम केलं होतं. ऐकणं साडेसात. आठ हवे होते.

मी वही उघडली. तीन विषयांत प्रत्येकी 5, ऐकण्यात 3, जोडीदाराच्या इंग्रजीचे 18. पदवीचे 8. सूनबाईंचे 432. एकूण 458. मग एकटीची बेरीज पुन्हा काढली, चुकू नये म्हणून. 458. तिसऱ्यांदा दोन्ही काढल्या. नवरा नेला तर 458, नाही नेला तर 458. ऑक्टोबरात सूनबाईंना 32 वं लागेल तेव्हा दोन्हीकडे पाच-पाच जाऊन दोन्हीकडे 453. इतके महिने घासून माणूस वजा सहावरून बरोब्बर शून्यावर आला होता.

ओट्यावर सगळे बसले होते. मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. आबांनी चष्मा काढून पुसला. नातू कुणाच्या मांडीवर बसावं ते ठरवत होता. त्याला, बरं का, कॅनडा काहीच गुण देत नाही.

सूनबाईंनी वही माझ्या हातातून घेतली, दोन्ही बेरजांवरून बोट फिरवलं आणि वही मिटली.

‘सारखेच आहेत ना?’ त्या म्हणाल्या. ‘मग येऊ द्या त्यांना. सामान उचलायला कुणीतरी लागेलच.’